कापोनाता घरी केला, पण दर वेळी वांग्याचं भरीतच होतंय

आंबटगोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं, कापोनात्यावर (सिसिलीतला वांग्याचा आंबटगोड पदार्थ) इथे काहीच सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे इटलीत, सिसिली बेटावरच्या पालेर्मोला पंधरा दिवस राहून आले. ती जिथे भाड्याने राहते त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. एका रविवारी त्यांनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. पावाबरोबर एका पसरट बशीत वांग्याच्या फोडींचं काहीतरी मांडलं होतं. गरम नाही, फ्रीजमधलं गारही नाही, नुसतं निवलेलं. पहिला घास घेतला आणि मला माहेरच्या पंचामृताची आठवण झाली. आधी आंबट, मागून गोड, मध्येच केपरचा (मिठात मुरवलेल्या कळ्या असतात त्या) खारट दाणा दाताखाली यायचा. वांग्याची फोड बोटात धरता येईल इतकी अखंड आणि आत लोण्यासारखी मऊ. मला इटालियन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही, पण मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा त्या काय समजायचं ते समजल्या.

इथे आल्यापासून तीनदा केला. चव जवळपास जाते, पण वांग्याचा पार गोळा होतो. मी काय करते ते सांगते. भरताची मोठी वांगी घेते, सालं काढते, फोडी करून काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात टाकते. कढईत कांदा आणि सेलेरी परतते, त्यातच वांगं घालून झाकण ठेवते, दोन वाफा आणते. मग टोमॅटो, व्हिनेगर, साखर, ऑलिव्ह, केपर.

कुठे चुकतंय? आणि व्हिनेगर-साखरेचं नेमकं प्रमाण काय?

अजून एक. पुढच्या आठवड्यात कांदेनवमी आहे आणि त्याच दिवशी भिशी आमच्याकडे. त्यानंतर आमच्या घरात चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद. नाशिकच्या जाऊबाई पाळत नाहीत, त्यांना बरणी भरून द्यायची आहे. लोणच्यासारखा वर तेलाचा थर दिला तर महिनाभर टिकेल ना?

नुसतीवाचक

फोटो टाका हो. भरीत झालेल्याचाही चालेल.

कृष्णाकाठ

ताई, पहिली चूक बाजारातच झालीय. भरताचं वांगं असतंच मुळी गळून पडण्यासाठी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय ते काय उगाच? कमी बिया, मऊ गर, भाजलं की साल सुटून येते. अखंड फोड हवी असेल तर ते वांगं काय कामाचं?

लांब जांभळी वांगी घ्या, हाताला घट्ट लागणारी, चकचकीत. देठ हिरवागार पाहिजे. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर परत ठेवा. आमच्याकडची पांढरट हिरवी काटेरी वांगी मात्र यात घालू नका, ती भरून करायचीच.

पालेर्मोवासी

धागा बघून फार आनंद झाला! अकरा वर्षं पालेर्मोत आहे. सासूबाई इथल्याच, त्यामुळे हा पदार्थ मी वाचून नाही, ओरडा खाऊन शिकलेय. सविस्तर लिहिते.

आंबटगोडताई, तुमची कृती वाचताना मला माझीच पहिली दोन वर्षं दिसली. तुम्ही वांग्याची *भाजी* करताय. आपला हात तसा वळलेला असतो: चिरलं की पाण्यात, मग फोडणीत, मग झाकण, मग वाफ. यातली प्रत्येक गोष्ट भाजीला योग्य आणि कापोनात्याला मारक. वांगं म्हणजे स्पंज. पाण्यात टाकलं की पाणी पितं, मग त्याच पाण्यावर आतून शिजतं, आणि साल काढलेली असली की फोडीला धरून ठेवायला काही उरतच नाही.

इथे असं करतात. 1 किलो वांगी, सालासकट. साधारण अडीच सेंटीमीटरच्या फोडी, म्हणजे आपण भाजीला चिरतो त्यापेक्षा चांगल्या मोठ्या. चाळणीत घालून वरून कोरडं जाडं मीठ लावायचं आणि वर एखादी जड थाळी. तासाभरात खाली तपकिरी पाणी जमतं. पूर्वी हे कडवटपणा काढायला करत. आजची वांगी फारशी कडू नसतात, पण मिठाने पाणी सुटतं, आतल्या हवेच्या पोकळ्या बसतात आणि मग फोड तेल कमी पिते. नंतर पटकन धुऊन पंचावर पसरायची आणि अगदी कोरडी करायची. इथे आळस केलात की तेल अंगावर उडालंच म्हणून समजा.

मग भरपूर तेलात तळायची. तेल चांगलं तापलेलं हवं, 170-180 अंश. थर्मामीटर नसेल तर एक फोड टाकून बघा, लगेच बुडबुड्यांनी वेढली गेली पाहिजे. एका वेळी कढईत एकच थर. सोनेरी तपकिरी झाली की काढून निथळत ठेवा.

आता दुसरं पातेलं. सेलेरीचे 4-5 दांडे, शेवग्याच्या शेंगा सोलताना काढतो तशा दोऱ्या काढून तुकडे करा, उकळत्या पाण्यात 2-3 मिनिटं ठेवून निथळा. ऑलिव्ह ऑइलवर एक मोठा कांदा मऊ करा, लाल नको. त्यात सेलेरी, मूठभर बिया काढलेले हिरवे ऑलिव्ह, 2 चमचे केपर. केपर मिठातले असतील तर आधी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा. मग 300 ग्रॅम टोमॅटोचा गर घालून दाट होईतो आटवा. पळी फिरवल्यावर मागे वाट राहिली पाहिजे.

आता मुख्य काम. आच मोठी करा आणि 60 मिलिलिटर वाइन व्हिनेगरमध्ये 2 सपाट मोठे चमचे साखर विरघळवून एकदम ओता. तोंड बाजूला ठेवा! चर्र होऊन वाफ उठते आणि डोळ्यांतून पाणी येतं. तो झोंबरा वास ओसरेपर्यंत, मिनिट-दोन मिनिटं, थांबायचं. त्यानंतर गॅस बंद. वांगं सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने खालून वर. शिजवायचं नाही, नुसतं भेटवायचं. वर तुळशीच्या जातीतल्या बेसिलची पानं.

आणि त्या दिवशी खायचा नाही. सासूबाई रात्री करून ठेवतात आणि कोणी चमचा घातला तर हातावर चापट मारतात. रात्रभरात आंबट आणि गोड एकमेकांत मुरतं. आज चाखाल तर दोन्ही वेगवेगळं लागेल आणि तुम्हाला वाटेल की प्रमाण चुकलं.

आंबटगोड

अगं बाई, एकूण एक गोष्ट मी उलटी करत होते. पाण्यात टाकणं तर इतकं अंगवळणी पडलंय की ती चूक असेल हे मनातही आलं नसतं. मनापासून आभार.

कोथरूडकर

कृती छान. पण एवढं तळण? फोडींना चमचाभर तेल चोळून एअर फ्रायरमध्ये 200 ला 15 मिनिटं ठेवल्या तर? मी बाकी सगळं त्यातच करते.

पालेर्मोवासी

@कोथरूडकर, इथेही आता पुष्कळ घरी ओव्हनमध्ये करतात, तेव्हा चालणार नाही असं म्हणणार नाही. पण खरं सांगू? तळलेल्या फोडीला बाहेरून एक पातळ आवरण येतं आणि ती रस सावकाश ओढते. भाजलेली फोड चामट होते नाहीतर विरघळते. ऑलिव्ह, केपर, व्हिनेगर सगळं बोचरं आहे, त्याला तेलाचा स्निग्धपणा लागतोच. पथ्य असेल तर अवश्य भाजा. पहिल्यांदा करत असाल तर तळा, म्हणजे मूळ चव कळेल.

एटनाच्या पायथ्याशी

सिसिलीतल्याच कातानियात दोन वर्षं होतो, नोकरीनिमित्त. पालेर्मोवासी, तुमच्या कृतीत ढोबळी मिरची कशी नाही? आमच्याकडे लाल-पिवळी मिरची असल्याशिवाय कापोनाता म्हणतच नाहीत.

पालेर्मोवासी

ही बघा, भांडणाला सुरुवात! मिरची कातानियाची, आमच्या पालेर्मोत नाही. माझ्या सासूबाईंसमोर मिरचीचं नाव काढलंत तर जेवायला मिळेल, पण कापोनाता मिळणार नाही.

एटनाच्या पायथ्याशी

:) मिरचीमुळे एक वेगळा गोडवा येतो, साखर कमी लागते. दोन्ही करून बघा, आंबटगोडताई. मिरची वेगळी तळायची, वांग्याबरोबर नाही. ही भानगड फक्त दोन शहरांची नाही बरं का. कुठे भाजलेले बदाम घालतात, कुठे बेदाणे आणि पाइन नट, काही ठिकाणी शेवटी कडू चॉकलेट किसून घालतात. मी एकदाच खाल्लाय तो. चॉकलेट म्हणून ओळखू येत नाही, रस्सा फक्त गडद आणि खोल होतो.

शब्दवेडा

स्वयंपाकातलं मला काही कळत नाही, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा थोडं अवांतर.

वांगं हे मूळ आपल्या बाजूचं. संस्कृतात त्याला एक नाव 'वातिंगण'. ते फारसीत 'बादिंगान' झालं, अरबीत 'बादिंजान'. अरब 827 साली सिसिलीत उतरले, 831 मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आलं आणि 1072 मध्ये नॉर्मनांनी ते घेईपर्यंत तिथे त्यांचंच राज्य होतं. ऊस, लिंबू, कडू संत्रं आणि वांगं त्या बेटावर रुजलं ते या काळाच्या पुण्याईने. म्हणजे कापोनात्यातलं वांगं आणि साखर, दोन्ही पूर्वेकडून गेलेली. टोमॅटो मात्र फार उशिरा आला, अमेरिकेतून.

इटालियनमध्ये वांग्याला 'मेलान्झाना' म्हणतात. अरबी शब्दच, पण पुढे 'मेला' म्हणजे सफरचंद जोडलं गेलं आणि लोकांनी त्याची फोड 'मेला इन्साना', वेडं सफरचंद, अशी केली. खाल्लं की वेड लागतं अशी समजूतही होती.

सगळ्यात गंमत पुढे आहे. तोच अरबी शब्द पोर्तुगीजमध्ये 'बेरिंजेला' झाला, पोर्तुगीज तो गोव्याच्या किनाऱ्यावर घेऊन आले, आणि त्यावरून भारतातल्या इंग्रजीत 'ब्रिंजल' आलं. आपलाच शब्द अर्धं जग फिरून घरी परतला आणि आपण त्याला ओळखलंही नाही.

नुसतीवाचक

वाचनखूण साठवली. शब्दवेडा, यावर वेगळा धागा काढाच.

कृष्णाकाठ

आणि 'कापोनाता' नाव कशावरून?

पालेर्मोवासी

इथे सांगतात ती गोष्ट माशाची आहे. लांपुगा नावाचा मासा असतो, इथले कोळी त्याला 'कापोने' म्हणतात. श्रीमंतांच्या ताटात तो आंबटगोड रसात यायचा. गरिबांना मासा परवडेना, त्यांनी रस तोच ठेवला आणि मासा काढून वांगं घातलं. जाणकार यावर वाद घालतात, काही जण लॅटिनमधल्या खाणावळीच्या शब्दापर्यंत जातात. पण आमच्या बाल्लारोच्या बाजारात विचाराल तर माशाचीच गोष्ट ऐकायला मिळेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो मासा खरंच आंबटगोड रसात घरोघरी करतात, तेव्हा मला तरी ती पटते.

शिर्को

म्हापशाहून लिहितोय. शब्दवेडा यांनी गोव्याचं नाव काढलं म्हणून. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत वांग्याचं लोणचं करतात: तळलेलं वांगं, माडाचा शिर्को (म्हणजे व्हिनेगर), साखर, आलं-लसूण, मोहरी, सुकी मिरची. आंबट, गोड, तिखट. कापोनात्याचं वर्णन वाचून मला तेच आठवलं. फरक एवढाच की त्यात पाण्याचा थेंब नसतो आणि सगळं शिर्क्यातच वाटतात-शिजवतात, म्हणून ते टिकतं.

ताई, व्हिनेगर कोणतं वापरता? बाटलीवर सिंथेटिक लिहिलेलं असेल तर ते नको. नुसतं झोंबतं, चव काही नाही. वाइन व्हिनेगर महाग वाटलं तर माडाच्या सुरेचा शिर्को वापरून बघा, त्याला गोलाई असते.

मेथांबा

पंचामृताची उपमा अगदी नेमकी! चिंच-गूळ, बेदाणे, खोबऱ्याचे काप, दाणे, मिरच्या. मग यात साखरेऐवजी गूळ का नको?

पालेर्मोवासी

गूळ घालून पाहिलाय मी. वाईट लागत नाही, पण गुळाची स्वतःची चव पुढे येते आणि मग ते पंचामृतच होतं, कापोनाता राहत नाही. दोन्ही आवडतात म्हणूनच सांगते, वेगवेगळे करा.

बिकानेरची सून

केपर सगळीकडे मिळत नाहीत आणि बाटली महाग असते. माझ्या सासरी राजस्थानात मिळणारे केर केपरच्याच कुळातले. फक्त केपर म्हणजे कळी आणि केर म्हणजे फळ. मिठाच्या पाण्यातले केर धुऊन, बारीक चिरून घातले तर तो खारट-तुरट घास बऱ्यापैकी येतो.

शिर्को

आमच्याकडे मिठातली कच्ची करवंदं असतात, तीही चालतील असं वाटतं. करून बघून सांगतो.

सूक्ष्मदर्शक

सगळे कृतीत रमलेत आणि ताईंचा शेवटचा प्रश्न तसाच राहिलाय. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अन्नसुरक्षेत काम करते, म्हणून कळकळीने लिहितेय: कापोनात्याच्या बरणीवर तेलाचा थर देऊन ती बाहेर ठेवू नका.

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. त्यांना वाढायला हवा नको असते, आंबटपणा कमी लागतो आणि खोलीचं तापमान पुरतं. तेलाच्या थराखाली नेमकं हेच मिळतं. तो जे विष तयार करतो त्याला वास नसतो, चव नसते, बुरशीसारखं काही दिसतही नाही. माणूस दगावू शकतो.

सामू (pH, जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.6 च्या खाली असेल तर हा जिवाणू वाढत नाही. कैरीचं लोणचं टिकतं ते कैरी मुळात आंबट आणि त्यात भरपूर मीठ म्हणून. तेल ते टिकवत नाही, तेल फक्त बुरशी आणि हवा दूर ठेवतं. वांगं आंबट नाही, सेलेरी नाही, कांदा नाही. वरच्या कृतीतलं 60 मिलिलिटर व्हिनेगर चवीपुरतं आहे, 1 किलो वांग्याच्या गाभ्यापर्यंत पुरेसा आंबटपणा पोचेल याची खात्री नाही.

जुनाजाणता

आमची आजी तेलात बुडवून वर्षवर्ष लोणची ठेवायची, कोणाला काही झालं नाही. आता सगळ्याचीच भीती घालायला लागलेत.

सूक्ष्मदर्शक

@जुनाजाणता काका, आजींची लोणची कशाची होती ते आठवा. कैरी, लिंबू, आवळा, करवंद. सगळी आंबट. लसूण किंवा वांगं नुसतं तेलात बुडवून त्यांनी वर्षभर ठेवलं होतं का? आजींना सामू हा शब्द माहीत नसेल, पण काय टिकतं हे त्या पक्कं जाणून होत्या. मी त्यांच्याच बाजूने बोलतेय.

जुनाजाणता

हे पटलं. लसणाचं लोणचंही ती लिंबाच्या रसातच घालायची, आता लक्षात आलं.

पालेर्मोवासी

सूक्ष्मदर्शकताई, बरं झालं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे कापोनाता फ्रीजमध्येच असतो, चार दिवसांत संपतो. खाण्याआधी तासभर बाहेर काढायचा, गार खाल्ला तर चव मुकी लागते.

आंबटगोड

मंडळी, कांदेनवमी झाली. वृत्तांत लिहायला बसलेय.

आदल्या दिवशी सकाळी मंडईतून लांब जांभळी वांगी आणली, दीड किलो. साल ठेवली. मीठ लावून चाळणीवर पाटा ठेवला. तासाने खालच्या ताटलीत चहाच्या रंगाचं जवळजवळ वाटीभर पाणी होतं! हेच सगळं पाणी मी इतके दिवस कढईत शिजवत होते.

तळताना पहिल्या घाण्यात हात भरून फोडी टाकल्या आणि तेल लगेच गप्प झालं. तेव्हा कळलं पालेर्मोवासी का सांगत होत्या. दुसऱ्या घाण्यापासून दहा-बाराच टाकल्या. आवाज सारखा येत राहिला पाहिजे, तडतड नाही, एकसारखा पावसासारखा. कडा तपकिरी झाल्या की साल काळीभोर चमकायला लागते, तीच खूण.

व्हिनेगर ओतल्यावर ठसका लागून मी, हे आणि दाराशी आलेला इस्त्रीवाला असे तिघं खोकलो.

रात्री चाखला तेव्हा धीर सुटला होता. आंबट एकीकडे, गोड एकीकडे. साखर वाढवायला डबाही उघडला होता, पण मुरू द्यायचं आठवलं आणि झाकण लावून झोपले. सकाळी चमच्यावर एक फोड घेतली. अखंड. दाताने दाबली तर आत तेच लोणी. मी तशीच ओट्याशी उभी राहून लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिने फोन घेऊन जाऊन खालच्या मालकीणबाईंना बशी दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि काहीतरी बोलल्या. लेकीने भाषांतर केलं: "सेलेरी थोडी कमी पडलीय, पण वांगं बरोबर आहे."

भिशीत पावाबरोबर ठेवला होता. बायकांनी घडीच्या पोळीबरोबर संपवला. दोघींना केपर आवडले नाहीत, त्यांनी ते ताटाच्या कडेला रांगेने लावून ठेवले.

बरणीचा बेत सोडला. जाऊबाईंना फोन करून कारण सांगितलं, तर म्हणाल्या, मीच येते. गुरुवारी आल्या, बर्फाच्या पिशवीबरोबर डबा घेऊन गेल्या, शनिवारी फस्त.

नुसतीवाचक

आणि फोटो?

आंबटगोड

रात्री टाकते. बशी रिकामी व्हायच्या आधी एकच काढला होता, थोडा हललाय.

शिर्को

करवंदं घालून केला. केपरइतकी खार नाही उतरली, पण आंबटपणा सुरेख. व्हिनेगर दोन चमचे कमी करावं लागलं.

पालेर्मोवासी

शिर्को, बेसिल नसेल तर थोडा पुदिना घाला, इथेही घालतात. आंबटगोडताई, मालकीणबाई 'वांगं बरोबर आहे' म्हणाल्या ना? माझ्या सासूबाईंकडून हे ऐकायला मला चार वर्षं लागली.